आधी बोर्डिंग, मग कॉलेज!

कॅप राउंडची लिस्ट लागते. तुमचं नाव त्यात असतं. घरी पेढे येतात, आत्या-मावश्यांचे फोन येतात, स्टेटसवर कॉलेजच्या गेटचा फोटो चढतो. आणि मग दोन दिवसांनी खरा प्रश्न समोर येतो. राहायचं कुठे?

कॉलेजच्या हॉस्टेलची यादी अजून लागलेली नसते. लागते तेव्हा त्यात तुमचं नाव नसतं. सरकारी वसतिगृहाचा अर्ज ‘प्रक्रियेत’ असतो. मग सुरू होते शोधाशोध. कॉट बेसिस, शेअरिंग, पीजी, डिपॉझिट, ब्रोकरचं एका महिन्याचं भाडं. तोपर्यंत गावाकडच्या एखाद्या सीनियरच्या हॉस्टेल रूममध्ये जमिनीवर गादी टाकून, रेक्टरची नजर चुकवून काढलेले दिवस. आपल्याकडच्या हॉस्टेल्समध्ये अशा पाहुण्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पॅरासाइट! ॲडमिशन मिळवलेल्या, फी भरलेल्या मुलाला हा शब्द.

येत्या २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती आहे. तुम्ही रयतच्या शाळेत शिकला असाल तर जयंतीची मिरवणूक, लेझीम, रांगोळी आणि वटवृक्षाचं बोधचिन्ह हे सगळं पाठ असेल. शिकला नसाल तरी पांढरी दाढी, धिप्पाड शरीर असा तो फोटो कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या भिंतीवर पाहिला असेलच. शिक्षणमहर्षी म्हणून आपण त्यांना हार घालतो. पण त्यांच्या आयुष्याकडे जरा तारखा लावून पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते आणि ती तुमच्या-माझ्या कामाची आहे. या माणसानं कामाला सुरुवात शाळेपासून केली नाही, कॉलेजपासून तर नाहीच. त्यानं सुरुवात केली हॉस्टेलपासून.

बोर्डिंगमधून काढलेला मुलगा

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावचा. घराणं जैन, मूळ गाव आताच्या सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत, त्यामुळे बदल्या आणि गावोगावचं बिऱ्हाड. मुलगा अंगापिंडानं दणकट, कुस्तीचा शौकीन आणि अभ्यासात यथातथाच. लहानपणीची त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोरानं त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

पुढच्या शिक्षणासाठी मुलाला कोल्हापूरला पाठवलं. राहायची सोय झाली जैन बोर्डिंगमध्ये. इथे थोडं थांबून त्या काळचं कोल्हापूर समजून घ्या, कारण हॉस्टेल या गोष्टीचा महाराष्ट्रातला मोठा धडा तिथेच गिरवला गेला.

खेड्यात शाळा असलीच तर चार इयत्तांची. हायस्कूल शहरात. शहरात यायचं तर राहायचं कुणाकडे? गरीब ब्राह्मण मुलाला निदान माधुकरी मागता येई किंवा आठवड्यातले सात दिवस सात घरी वार लावून जेवता येई. ती पंगत बाकीच्यांसाठी नव्हती. शेतकऱ्याच्या, मुसलमानाच्या, लिंगायताच्या मुलाला शहरात ओळखीचं दार नव्हतं. दलित मुलाला तर भाड्यानंही खोली कुणी दिली नसती. म्हणजे शाळा सुरू होती, दरवाजा उघडा होता, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही म्हणून मुलगा त्या दरवाजापर्यंत पोचतच नव्हता. छत्रपती शाहू महाराजांनी नेमकी हीच अडचण ओळखली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढच्या वीस वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं महाराजांच्या मदतीनं उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना हातभार लावला, अनुदानं दिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं.

त्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला हा भाऊराव हजर राहिला. परत आल्यावर नियम असा की आंघोळ करून, शुद्ध होऊनच आत यायचं. त्यानं आंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. त्यांनी त्याला बोर्डिंगमधून काढून टाकलं.

विचार करा. परगावचं पोरगं, शहरात घर नाही आणि हॉस्टेलमधून नाव कमी झालेलं. हातातली वळकटी घेऊन जायचं कुठे? भाऊरावांचं नशीब असं की खुद्द शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे राहायला जागा दिली. पण हे भाग्य हजारात एकाचं. राजवाडा काही सगळ्यांना मिळत नसतो. आणि राजवाड्यात राहूनही भाऊरावांचं शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेलंच नाही. मॅट्रिकची पायरी हुकली ती कायमची.

नांगर विकणारा मास्तर

शिक्षण सुटल्यावर काय? साताऱ्याला घरोघरी शिकवण्या. ज्याला स्वतःला परीक्षा जमली नाही तो दुसऱ्यांच्या मुलांना परीक्षेसाठी तयार करत होता आणि बऱ्यापैकी नाव मिळवत होता. दरम्यान मित्रांना सोबत घेऊन दुधगाव इथे विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. वय तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस. तुमच्या-माझ्या वयाचं.

मग १९१४ चं डांबर प्रकरण आलं. कोल्हापुरात ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला कुणी तरी डांबर फासलं. संशय आला लठ्ठ्यांवर. हो, तेच लठ्ठे ज्यांनी भाऊरावांना बोर्डिंगबाहेर काढलं होतं. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दबाव आला. जुना हिशेब चुकता करायची याहून चांगली संधी कुठली? पण साक्ष खोटी होती. त्यांनी ती दिली नाही. कोठडी झाली, छळ झाला, तो इतका की त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. तरी साक्ष दिली नाही. हे सगळं घडलं ते शाहू महाराजांच्या राज्यात. तरीही पुढे आपल्या सगळ्यात लाडक्या वसतिगृहाला त्यांनी शाहूंचंच नाव लावलं. स्वतःवर झालेला अन्याय एका बाजूला आणि महाराजांनी वसतिगृहांचं जे काम केलं ते दुसऱ्या बाजूला, एवढा फरक करण्याइतकं मोठं मन त्या माणसाकडे होतं.

सुटून आल्यावर त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम धरलं. ओगल्यांच्या काचकारखान्याच्या कंदिलांसाठीही ते फिरले. आजच्या भाषेत फील्ड सेल्सची नोकरी. गावोगाव जायचं, पारावर बसायचं, शेतकऱ्याला नांगराचं महत्त्व पटवायचं. या फिरतीत त्यांनी जिल्ह्याचा कानाकोपरा पालथा घातला. हुशार पोरं त्यांना प्रत्येक गावात दिसत होती. चौथीनंतर ती गुरांमागे जात होती. विचारलं तर उत्तर एकच. पुढची शाळा लांब आहे आणि तिथे राहायची सोय नाही.

आपल्याला सवय आहे मुलं शिकत नाहीत म्हटलं की फीबद्दल बोलायची, फार तर पालकांच्या मानसिकतेबद्दल. भाऊरावांनी मात्र पाहिलं ते अंतर. घर आणि शाळा यांच्यामधलं दहा, वीस, पन्नास मैलांचं अंतर. ते भरून काढायचं तर पोराला शाळेजवळ झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी. बाकी सगळं त्यानंतर.

पहिलं काम, वसतिगृह

४ ऑक्टोबर १९१९. कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सत्यशोधक चळवळीतली माणसं सोबत होती. आज शेकडो शाळा आणि चाळीसच्या वर कॉलेजं असलेल्या या संस्थेनं सुरुवातीला काय उघडलं? वसतिगृह.

१९२४ मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्याला हलला आणि तिथेही पहिलं काम तेच. ना इमारत, ना कॉट, ना मेसचा कंत्राटदार. भाऊरावांनी राहत्या घरातच मुलं ठेवून घेतली. एक गोष्ट त्या काळातली सांगतात. शाळेच्या बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे बसवलेला एक दलित मुलगा त्यांना दिसला. त्याला ते सरळ साताऱ्याला आपल्या घरी घेऊन आले. मग मराठा, जैन, मुसलमान, महार, जो येईल तो. आणि इथे भाऊरावांनी शाहू महाराजांच्या एक पाऊल पुढे टाकलं.

कोल्हापुरातली वसतिगृहं जातवार होती. त्याला कारण होतं. त्या काळी ज्या समाजाला कुणी दार उघडत नव्हतं त्याला स्वतःचं दार हवं होतं आणि समाजातल्या कर्त्या माणसांनी त्याची जबाबदारी घ्यावी ही त्यामागची व्यवहारी गणितं होती. पण भाऊराव त्याच जातवार बोर्डिंगमधून बाहेर काढले गेलेले. आपल्या जातीचं हॉस्टेल मिळालं तरी तिथला नियम आपल्याला माणूसपण सोडायला लावू शकतो हे त्यांनी भोगलं होतं. म्हणून साताऱ्यात एकच चूल, एकच पंगत. स्वयंपाक मुलांनीच करायचा, पाळीपाळीनं. ज्याच्या हातचं पाणी गावात चालत नाही त्याच्या हातची भाकरी इथे सगळ्यांनी खायची. यावर एका ओळीचंही भाषण नव्हतं. जेवायचं असेल तर एवढंच होतं!

गावात यावरून कुजबुज झाली, विरोध झाला. तरी मुलं वाढत गेली. पुढे धनिणीच्या बागेत वसतिगृहाला जागा मिळाली. तिथल्या वडाच्या झाडाखाली मुलं अभ्यासाला बसत. संस्थेच्या बोधचिन्हातला वटवृक्ष तुम्ही पाहिलाय ना, त्याची मुळं तिथली. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले, सगळ्या जातीची मुलं एका छपराखाली राहतात हे पाहून प्रसन्न झाले आणि त्यांच्याच हस्ते या वसतिगृहाचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.

मंगळसूत्राची गोष्ट

पण पन्नास-शंभर वाढत्या वयाची पोरं खातात किती ते कुठल्याही मेसवाल्या काकांना विचारा. हा खर्च कुठून येत होता?

थोडा लोकांकडून. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा केलं जाई. रोजच्या दळणातलं, स्वयंपाकातलं मूठभर धान्य वसतिगृहाच्या नावानं बाजूला काढायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या शेतकऱ्याकडे रोख पैसा नव्हता त्यालाही यात भाग घेता येत होता. थोडा मुलांच्या कष्टातून. भाजीपाला लावणं, पाणी शेंदणं, जमीन खणणं, दळण-कांडण, जे पडेल ते.

आणि राहिलेलं सगळं लक्ष्मीबाईंकडून.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेर कुंभोजचं, सधन. अंगावर भरपूर सोनं घेऊन सासरी आलेल्या. सोवळं-ओवळं मानणाऱ्या घरात वाढलेल्या. नवरा एके दिवशी वेगवेगळ्या जातींची मुलं घरात घेऊन येतो आणि आजपासून ही आपलीच म्हणतो. त्या बाईंना हे पहिल्या दिवसापासून सोपं गेलं असेल असं समजायचं कारण नाही. पण हळूहळू त्याच त्या मुलांची आई झाल्या. आजारी पोराच्या उशाशी बसणं, सणाला गोडधोड करणं, घरची आठवण येऊन रडणाऱ्याला जवळ घेणं. फर्स्ट इयरला पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडलेल्या प्रत्येकाला कळेल की हे काम किती मोठं आहे.

धान्य संपलं की एक दागिना मोडायचा. मग दुसरा. असं करत करत अंगावरचं सोनं संपत गेलं. एकदा भाऊराव गावाला गेले होते, कोठीत दाणा नव्हता आणि पोरं भुकेली होती. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. त्या काळी, त्या समाजात, नवरा जिवंत असताना एका बाईनं मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे तुमच्या आजीला विचारा. त्या दिवशी मुलं जेवली.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं पुढचं वैभव, मोठमोठ्या इमारती, त्यांनी काहीच पाहिलं नाही. त्यांच्या नावाचं मुलींचं कॉलेज आज सोलापुरात आहे. जयंतीच्या भाषणांत त्यांचा उल्लेख ‘रयत माउली’ म्हणून होतो आणि मंगळसूत्राची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या जातात. पण ती गोष्ट टाळ्यांची वाटत नाही. एका बाईला गळ्यातलं सोनं मोडावं लागलं, कारण वसतिगृहाच्या कोठीत धान्य भरणं ही तेव्हा कुणाचीच जबाबदारी नव्हती. ती आठवण अभिमानाची जितकी, तितकीच इशाऱ्याची आहे.

कॉलेज यायला तेवीस वर्षं

आता मघाशी म्हटल्या त्या तारखा एका रांगेत लावू.

१९१९, काले इथे वसतिगृह. १९२४, साताऱ्यात वसतिगृह. १९३२, पुण्यात युनियन बोर्डिंग. हे शेवटचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा. त्या वर्षी येरवड्यात गांधी आणि डॉ. आंबेडकर यांच्यात करार झाला आणि त्या एकीची आठवण म्हणून भाऊरावांनी काय उभारलं? पुतळा नाही, स्तंभ नाही. हॉस्टेल. सगळ्या जातीच्या मुलांचं.

त्यानंतर १९३५ मध्ये शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज. खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, तेही मोफत आणि निवासी. आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या सुमाराला, छत्रपती शिवाजी कॉलेज.

साताऱ्यातलं वसतिगृह आणि साताऱ्यातलं कॉलेज यांच्यात तेवीस वर्षांचं अंतर आहे. आधी राहायची सोय, मग शिकवणारे शिक्षक, मग शाळा, सगळ्यात शेवटी कॉलेज. आपल्याकडे आज नेमकं उलटं चालतं. आधी कॉलेजची परवानगी येते, मग जागा वाढतात, नवीन कोर्स येतात, नवीन तुकडी येते, चकचकीत गेट होतं. हॉस्टेलचा प्लॅन नकाशावर ‘प्रस्तावित’ म्हणून रंगवलेला असतो. आणि तो प्रस्तावितच राहतो.

‘कमवा आणि शिका’ हेही नीट समजून घ्यायला हवं. शिवाजी कॉलेजमध्ये गरीब मुलगा श्रम करायचा आणि त्याच्या बदल्यात राहणं, जेवण, शिक्षण असं सगळंच त्याला मिळायचं. खडकाळ जमिनीवर पोरांनी शेती केली, बांधकामं केली. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाची कमवा व शिका योजना आहे. तुमच्यापैकी कित्येक जण लायब्ररीत, बागेत, ऑफिसात त्या योजनेखाली काम करत असतील. योजना चांगलीच आहे. पण एक साधा हिशेब करून बघा. महिन्याला त्यातून जे मिळतं त्यात शहरातल्या एका कॉटचं भाडं तरी सुटतं का? मूळ योजनेत श्रमाच्या बदल्यात छप्पर होतं. आता श्रम राहिले आणि छप्पर गळून पडलं.

भाऊरावांनी दानशूरांवर, मुष्टिफंडावर आणि पत्नीच्या सोन्यावर सगळं सोडून दिलं असंही नाही. सरकारनं पैसे द्यावेत म्हणून ते शेवटपर्यंत भांडले. स्वातंत्र्यानंतर सरकारवर त्यांनी उघड टीका केली तेव्हा मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. संस्था अडचणीत आली. तेव्हा मध्ये पडले ते गाडगेबाबा, ज्यांनी स्वतः गावोगावच्या वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान सुरू झालं. पुढे १९५४ मध्ये कराडला रयतचं जे कॉलेज निघालं त्याला गाडगे महाराजांचंच नाव दिलं गेलं.

१९५९ साली भारत सरकारनं भाऊरावांना पद्मभूषण दिलं. पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली, मॅट्रिकही न झालेल्या माणसाला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात ससून रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

आता आपल्या रूमचं बोलू

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. आज तर सरकारी वसतिगृहं आहेत, योजना आहेत. आहेत की. समाजकल्याणची, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे, आणि निर्वाह भत्त्याच्या आणखी काही योजना आहेत. यामुळे हजारो मुलं शहरात टिकली आहेत, हे विसरून चालणार नाही.

पण या योजनांचा अर्थ काय ते भाऊरावांच्या आयुष्यासमोर ठेवून पाहा. योजना म्हणते, आमच्याकडे कॉट नाही, हे पैसे घ्या आणि बाहेर शोधा. पहिली अडचण वेळेची. पैसे खात्यावर येतात ते उशिरा, कधी वर्ष सरत आल्यावर. घरमालक मात्र डिपॉझिट पहिल्याच दिवशी मागतो. दुसरी अडचण त्याहून मोठी. पैसे हातात असले तरी खोली मिळेलच असं नाही. गाव कुठलं, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, मुलींना आणखी दहा प्रश्न. फोनवर रिकामी असलेली रूम आडनाव ऐकल्यावर अचानक भरते, हा अनुभव कुणाला आलाय असं वर्गात विचारा, किती हात वर होतात ते बघा. ज्या आंघोळीला भाऊरावांनी १९०८ मध्ये नकार दिला तीच आंघोळ आज या प्रश्नांच्या रूपात मागितली जाते.

म्हणून पैसे देणं आणि कॉट देणं यांत फरक आहे. हॉस्टेलमध्ये कॉट यादीनुसार मिळते. रूम पार्टनर तुम्ही निवडत नाही आणि तो तुम्हाला निवडत नाही. गडचिरोलीचा मुलगा आणि सांगलीचा मुलगा एकाच बादलीवरून भांडतात, एकाच इलेक्ट्रिक किटलीत रात्री मॅगी करतात, आणि तिसऱ्या वर्षी एकमेकांच्या बहिणीच्या लग्नाला जातात. एका पंगतीची भाऊरावांची शाळा ती हीच. शहरभर विखुरलेल्या कॉट बेसिसवर आपण मात्र आपापल्या गावची, आपापल्या आडनावाची मुलं शोधून राहतो, कारण तिथेच दार उघडतं. हॉस्टेल कमी पडलं की कॉटबरोबर ही सरमिसळही कमी पडते.

आणि जे राहू शकत नाहीत त्यांचं काय? ते दिसतच नाहीत. ॲडमिशन रद्द करून गावाकडच्या कॉलेजला बाहेरून फॉर्म भरणारी मुलगी कुठल्याच आकड्यात ‘हॉस्टेल नाही म्हणून गेली’ अशी नोंदली जात नाही. कौटुंबिक कारण, एवढं लिहिलं की फाइल बंद. भाऊरावांनी पारावर बसून जे पाहिलं ते हेच होतं. शंभर वर्षांनी आपण तेच पाहायचं नाकारतो.

मग करायचं काय? दागिने मोडायचे नाहीत, हे आधी स्पष्ट. आपल्या हातात आहे ते करायचं. ॲडमिशन घेताना कॉलेजला विचारा की यंदा किती जागा भरताय आणि हॉस्टेलमध्ये किती कॉट आहेत. दोन आकडे शेजारी शेजारी मागा, लेखी मागा. ॲडमिशनची यादी ज्या आठवड्यात लागते त्याच आठवड्यात हॉस्टेलची यादी लावा, असं निवेदन द्या. विद्यार्थी प्रतिनिधी निवडताना गॅदरिंगच्या सेलिब्रिटीसोबत हॉस्टेलचंही विचारा. निर्वाह भत्ता अडकला असेल तर एकट्यानं खेटे घालू नका, दहा जण मिळून जा. आणि तुम्ही ज्या फ्लॅटवर राहता तिथे चौथी कॉट रिकामी झाली, तर ती कुणाला द्यायची हे ठरवताना आडनाव विचारू नका. एवढं तर आजच, कुणाच्याही परवानगीशिवाय करता येतं.

यंदा २२ सप्टेंबरला तुमच्या कॉलेजात कर्मवीरांच्या फोटोला हार घातला जाईल. प्राचार्य बोलतील, एक-दोन पाहुणे बोलतील, शेवटी काही शंका असल्यास विचारा असंही कुणी तरी म्हणेल. बहुतेक वेळा तेव्हा कुणीच उठत नाही. यंदा उठा आणि विचारा, आपल्या नवीन हॉस्टेलचं काम कुठपर्यंत आलंय?